शिरेतली नळी आणि तिच्याभोवतीची गुठळी

‘शीर मिळत नाहीये.’ लहान मुलांच्या वॉर्डात दोन दिवस काढलेल्या आईबापांनी हे वाक्य हमखास ऐकलेलं असतं. तेलंगणातल्या आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात ते तेलुगूत कानावर पडतं, पैनगंगा ओलांडून यवतमाळला गेलं की मराठीत. जुलाब-उलट्यांनी सुकलेलं वर्षाचं बाळ, दोन्ही मनगटं टोचून झालेली, पायाच्या घोट्याजवळची शीर फुटलेली, डोक्यावरची मिळाली तर ती तासाभरात सुजलेली. शेवटी डॉक्टर सांगतात की मानेतून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत नळी टाकावी लागेल. एका कागदावर सही होते. त्या नळीने काय साधणार आहे ते पालकांना बहुतेक वेळा कळतं. त्या नळीभोवती काय जमू शकतं, हे फार थोड्यांना सांगितलं जातं.

ही नळी म्हणजे सेंट्रल लाईन. हाताला लावतात त्या साध्या इंट्राकॅथचं टोक हातातच थांबतं. सेंट्रल लाईनचं टोक हृदयाच्या अगदी जवळ, महाशिरेत पोचलेलं असतं. दंडातून आत सरकवलेली असेल तर तिला पिक लाईन म्हणतात. महिनोन्महिने ठेवायची असेल तर ती छातीच्या कातडीखालून बोगदा करून आणतात. 1929 साली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या दंडातून हृदयापर्यंत नळी नेली. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरने तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती दिली आणि आजही जगभर तीच वापरतात. 1960 च्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी आतडं निकामी असलेलं एक तान्हं बाळ निव्वळ शिरेतून दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवलं. तिथून पुढे अपुऱ्या दिवसांची बाळं, रक्ताच्या कर्करोगाची मुलं आणि व्हेंटिलेटरवरची मुलं वाचू लागली, त्यात या नळीचा वाटा फार मोठा आहे. पुढे जे लिहिलं आहे ते वाचून कुणी नळीला नकार देऊ नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडे रक्ताची गुठळी म्हटलं की म्हातारपण आठवतं, नाहीतर हार्ट अटॅक, लकवा. लहान मुलाच्या शिरेत गुठळी झाली असं सांगितलं तर घरातली माणसं गोंधळतात. त्यांचा गोंधळ बरोबरच आहे, कारण घरी हसत-खेळत असलेल्या मुलाला आपोआप गुठळी होणं खरोखर दुर्मीळ आहे. कॅनडातल्या डॉक्टरांनी देशभरातल्या नोंदी गोळा करून 1994 मध्ये जो आकडा दिला तो दर 10,000 मुलांमागे 0.07 इतका, म्हणजे साधारण दीड लाखात एक असा होता. दवाखान्यात भरती झालेल्या मुलांत मात्र तोच आकडा दर 10,000 भरतींमागे 5.3 वर गेला. पुढे अमेरिकेतल्या बालरुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 2001 मध्ये दर 10,000 भरतींमागे 34 मुलांना गुठळी झालेली होती आणि 2007 मध्ये 58 मुलांना. सोनोग्राफी वाढल्यामुळे पूर्वी निसटणाऱ्या गुठळ्या सापडू लागल्या, हे एक कारण. अधिक आजारी मुलं अधिक दिवस जगू लागली आणि प्रत्येकाच्या शिरेत एखादी नळी आली, हे दुसरं. भरती मुलांमध्ये गुठळीची जितकी कारणं मोजली जातात त्यांत सेंट्रल लाईनचा नंबर सर्वांत वर लागतो, आणि नवजात बाळांच्या बहुतेक गुठळ्या नळीपाशीच सापडतात.

असं का व्हावं? याचं उत्तर जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खोच्या 1856 मधल्या लिखाणापर्यंत मागे जातं. त्याच्या नावाने आज तीन गोष्टी सांगितल्या जातात: शिरेच्या अस्तराला इजा, रक्ताचा मंदावलेला वेग आणि रक्ताचा गोठण्याकडे झुकलेला स्वभाव. मोठ्या माणसांत यातली एखादी गोष्ट बिघडते आणि बाकीच्या हळूहळू तिला येऊन मिळतात. नळी पहिल्या दोन गोष्टी एकदम करते. सुई आत जाते तिथे अस्तर फाटतं, पुढे हात हलला की टोक आतल्या भिंतीवर घासत राहतं, आणि शिरेतली वाट अडते. तिसरी गोष्ट मूल ज्या आजारासाठी भरती झालं त्या आजारानेच आणलेली असते.

वाट किती अडते, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. नळ्यांचं माप ‘फ्रेंच’ या एककात सांगतात. पॅरिसच्या शारिएर नावाच्या हत्यारं बनवणाऱ्याने एकोणिसाव्या शतकात हे माप रूढ केलं. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे 3 फ्रेंचची नळी बरोबर 1 मिलिमीटर जाड, दिसायला अगदी बारीक. आता लहान बाळाच्या दंडातली शीर घ्या, ती 2 मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात ही 1 मिलिमीटरची नळी घातली की कागदावर शिरेचा फक्त पाव भाग व्यापला जातो, तीन चतुर्थांश जागा मोकळी दिसते. पण नळीच्या पृष्ठभागालाही रक्त घासतं आणि शिरेच्या भिंतीलाही, आणि मधली फट अरुंद असते. नळी बरोबर मध्यभागी आहे असं धरून द्रवाच्या प्रवाहाचं गणित केलं, तर त्याच दाबाखाली वाहणारं रक्त आधीच्या जेमतेम आठव्या हिश्श्यावर येतं. प्रत्यक्षात नळी एका कडेला टेकून असते, त्यामुळे नुकसान याहून कमी होतं. तरी पाव जागा अडली म्हणजे पाव प्रवाह घटला, हा साधा हिशेब इथे चालत नाही.

म्हणून तज्ज्ञ नळीची जाडी आणि शिरेची जाडी यांचं प्रमाण आधी बघायला सांगतात. मोठ्यांसाठी नळी शिरेच्या 45 टक्क्यांहून जाड नसावी, असं सर्रास सांगितलं जातं. लहान मुलांत अनेक जण एक तृतीयांशाचा आग्रह धरतात, आणि त्यातून एक फार सोयीचा ठोकताळा निघतो: नळी जितक्या फ्रेंचची, शीर किमान तितक्या मिलिमीटरची हवी. 3 फ्रेंचला 3 मिलिमीटर, 4 फ्रेंचला 4. सोनोग्राफीचा प्रोब शिरेवर ठेवला की हे माप अर्ध्या मिनिटात मिळतं. माझ्या मते सोनोग्राफीचं खरं मोल सुई चुकू न देण्याइतकंच या मोजमापात आहे, कारण नळी कुठली उघडायची हे पाकीट फाडण्याआधीच ठरायला हवं.

जाडी वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नळीच्या आतले कप्पे. एका कप्प्याच्या नळीतून एका वेळी एकच गोष्ट जाते. दोन-तीन कप्प्यांची असेल तर एकीकडून सलाईन, दुसरीकडून अँटिबायोटिक, तिसरीकडून रक्त. काम सोपं होतं, म्हणून ‘असू द्या, लागेल कदाचित’ असं म्हणत तीन कप्प्यांची निवडली जाते. अमेरिकेतल्या मोठ्या बालरुग्णालयांनी 1,742 मुलांमधल्या 1,967 नळ्यांवर पुढे नजर ठेवून केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास 6 टक्के नळ्यांशी जोडलेली गुठळी आढळली. जास्त कप्प्यांच्या नळीत धोका एका कप्प्याच्या नळीपेक्षा सुमारे चौपट होता. छातीच्या कातडीखालून आणलेल्या नळीच्या तुलनेत दंडातल्या पिक लाईनला तो साडेआठ पट होता. पिक लाईन बसवायला सोपी, ऑपरेशन थिएटरची गरज नाही, भूल हलकी, म्हणून ती सगळीकडे वाढली आहे. तिचा तोटा मात्र वर सांगितलेल्या गणितातच दडलेला आहे, कारण ती सगळ्यांत बारीक शिरेतून लांबवर नेलेली असते.

नळी शरीरात कुठून शिरते, यानेही फरक पडतो. जांघेतली शीर पटकन सापडते आणि मूल अत्यवस्थ असताना डॉक्टरला मानेपाशी खटपट करावी लागत नाही. म्हणून इमर्जन्सीत जांघ निवडली जाते आणि ते योग्यही असतं. पण तिथे डायपर, लघवी-शी, पाय हलला की वाकणारी नळी, आणि पाय बांधून ठेवला तर मंदावलेलं रक्त, असं सगळं एकत्र येतं. मूल स्थिरावलं की ती लाईन दुसरीकडे हलवता येईल का, हा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. मानेत किंवा छातीत डाव्या बाजूने टाकलेली नळी उजव्यापेक्षा लांब वळसा घेऊन जाते, तेव्हा उजवी बाजू मोकळी असेल तर तीच बरी. टोक महाशिरेत आणि उजव्या कर्णिकेच्या तोंडाशी, म्हणजे रक्ताचा झोत जोरात असतो तिथे असावं. ते वरच अडकून भिंतीला टेकलं, तर गुठळीला जागा मिळते. आणि सुई जितक्या वेळा टोचली तितक्या अस्तराच्या जखमा, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर अधिक अनुभवी हाताला बोलावणं हा गुठळी टाळण्याचाही उपाय आहे.

आत गेलेल्या प्लॅस्टिकला शरीर ओळखतं. पहिल्या दिवसातच त्यावर रक्तातली प्रथिनं चिकटतात आणि फायब्रिनचा, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या धाग्यांचा, पातळ पापुद्रा चढू लागतो. हा पापुद्रा वाढून नळीच्या टोकावर लोंबू लागला की एक विशिष्ट खूण दिसते: औषध आत जातं, पण सिरिंज ओढली तर रक्त मागे येत नाही. शेतातल्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखं ते एकाच दिशेने उघडतं. वॉर्डात याला ‘लाईन ब्लॉक होतेय’ म्हणतात आणि जोराने फ्लश करून मोकळं होत असेल तर सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण ही खूण नोंदवून ठेवण्यासारखी आहे. 2020 च्या त्याच अभ्यासात बिघडणाऱ्या नळ्या आणि नळीतून रक्तात गेलेला जंतुसंसर्ग, हे दोन्ही गुठळी झालेल्या मुलांत अधिक आढळले. फायब्रिनच्या जाळीत जंतूंना आसरा मिळतो, जंतूंमुळे येणारा दाह रक्त आणखी गोठवतो. म्हणून हात धुणं, नळीच्या तोंडावर स्पिरिटचा बोळा घासणं, ड्रेसिंग कोरडं ठेवणं ही कामं संसर्ग टाळता टाळता गुठळीही टाळतात.

मुलाच्या वयाचाही संबंध आहे, आणि तो सरळ चढत्या रेषेचा नाही. धोका एक वर्षाखालच्या बाळांत जास्त, मग मधल्या वयात कमी, आणि वयात येणाऱ्या मुलामुलींत पुन्हा जास्त. तान्ह्या बाळांतल्या धोक्याचं कारण बरंचसं बारीक शिरांत आहे. पण त्याचं रक्तही वेगळं असतं. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात मॉरीन अँड्र्यू यांनी 1980 च्या दशकात तान्ह्या बाळांच्या रक्तातले गोठवणारे आणि गोठणं रोखणारे घटक एकेक करून मोजले. नवजात बाळात अँटिथ्रॉम्बिन हा रोखणारा घटक मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असतो, आणि गोठवणारे अनेक घटकही तसेच कमी. दोन्ही पारडी हलकी, म्हणून निरोगी बाळाचा तोल नीट राहतो. पण आजार, सूज, नळी यांपैकी काहीही एका पारड्यात पडलं की तोल लवकर ढळतो. हेपरिन हे रक्त पातळ करणारं औषध अँटिथ्रॉम्बिनच्याच मदतीने काम करतं, त्यामुळे बाळाला वजनाच्या मानाने ते जास्त लागतं, हेही याच कामातून समजलं.

आता आजारांकडे. रक्ताच्या कर्करोगात अस्पॅराजिनेज हे औषध मुलाला वाचवतं, पण तेच औषध शरीरातलं अँटिथ्रॉम्बिन घटवतं. सोबतची स्टेरॉइड गोठवणारे घटक वाढवतात, आणि मोठी शीर तर उपचाराला हवीच. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे आपल्याकडे ‘बाळाच्या अंगावर सूज आली, लघवीला फेस येतो’ असं सांगतात त्या आजारात, अँटिथ्रॉम्बिन लघवीतून गळून जातं आणि पातळ द्रव शिरांबाहेर सुटल्याने रक्त घट्ट होतं. अशा मुलाच्या जांघेत सुई घालायची वेळ शक्यतो येऊ देऊ नये, हे किडनीच्या डॉक्टरांकडून वारंवार ऐकायला मिळतं. जन्मजात हृदयदोषाच्या मुलांत, विशेषतः टप्प्याटप्प्याने ऑपरेशन होणार असलेल्यांत, मानेतली शीर गुठळीने बंद झाली तर पुढचं ऑपरेशनच अवघड होऊन बसतं. आनुवंशिक गोठणदोषांची चर्चा लोक खूप करतात, पण नळीमुळे झालेल्या गुठळीत त्यांचा वाटा वरच्या गोष्टींच्या मानाने लहान आहे. प्रत्येक मुलाच्या महागड्या जनुकीय तपासण्या करण्यापेक्षा तोच पैसा चांगल्या सोनोग्राफीवर आणि योग्य मापाच्या नळ्यांवर घातलेला बरा, असं मला ठामपणे वाटतं.

आदिलाबादच्या संदर्भात एक आजार मात्र बाकी सगळ्यांच्या पुढे ठेवावा लागतो. उटनूर, नारनूर, इंद्रवेल्लीच्या पट्ट्यातली गोंड, कोलाम, परधान कुटुंबं आणि पैनगंगा-वर्धेच्या काठांवर पसरलेले त्यांचे नातलग यांच्यात सिकलसेलचा जीन पिढ्यानपिढ्या आहे. हा पट्टा आज दोन राज्यांत वाटलेला दिसतो, पण 1956 च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भारतात हा आजार 1952 मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला, आणि 1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी विदर्भातले रुग्ण जगासमोर आणले. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी पाड्यांवर फिरून या आजारासाठी अनेक वर्षं काम केलं. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. तिच्यात तेलंगणा आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत, 40 वर्षांखालच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट ठरलं.

सिकलसेल झालेल्या मुलाच्या बाबतीत विर्खोच्या तिन्ही गोष्टी नळी येण्याआधीच हजर असतात. ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडलं की त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, शिरेच्या अस्तराला चिकटतात आणि अस्तर कायम दुखावलेलं राहतं. पेशी सतत फुटत असल्याने गोठण्याची यंत्रणा सदैव अर्धी जागी असते. उन्हाळ्यात वेचणी-मजुरीला गेलेल्या आईच्या पाठीशी असलेलं मूल दुपारभर पाण्यावाचून राहिलं, संध्याकाळी ताप आला, हाडं दुखू लागली, की रात्री भरती. वारंवारच्या भरतींमुळे हाताच्या शिरा आधीच संपलेल्या. रक्त बदलावं लागलं तर मोठ्या कप्प्यांची जाड नळी. सिकलसेलच्या मुलांना होणाऱ्या गुठळ्यांच्या अभ्यासांत सेंट्रल लाईन हे ठळक कारण म्हणून पुढे आलं आहे. तेव्हा मोहिमेत मिळालेलं सिकलसेलचं कार्ड भरतीच्या पहिल्याच मिनिटाला केसपेपरला लागलं पाहिजे. ‘बाळाला सिकल आहे’ हे नळीची जाडी ठरवणाऱ्या माणसाला नळी टाकण्याआधी माहीत असणं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये दिसणं, यांत मुलाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

नवजात बाळांचा एक वेगळा मुद्दा राहतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पहिल्या दिवसांत नाभीतून नळी टाकतात, कारण नाळेची शीर तेव्हा उघडी असते. ही नळी यकृतातून पुढे जाऊन हृदयाच्या तोंडाशी पोचली तर ठीक, पण वाटेतच यकृताच्या शिरांमध्ये थांबली तर तिथे गुठळी होऊ शकते. जागा बरोबर आहे ना, हे एक्स-रे किंवा सोनोग्राफीने पाहणं म्हणूनच आवश्यक ठरतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2011 मध्ये नाभीतल्या शिरेच्या नळीला 14 दिवसांची मर्यादा सांगितली, तीही जंतुविरहित काळजी घेतली तर. यकृताकडे जाणारी मोठी शीर बंद पडली तर त्याचा परिणाम अनेकदा वर्षांनी दिसतो: चार-पाच वर्षांचं, एरवी ठणठणीत दिसणारं मूल अचानक रक्ताची उलटी करतं, तपासल्यावर प्लीहा वाढलेली सापडते. आपल्याकडच्या मुलांमध्ये मोठ्या प्रमाणात रक्ताची उलटी होण्यामागे हा आजार बरेचदा असतो. त्यामागे नाभीतली नळी असू शकते, नाभीचा जंतुसंसर्गही असू शकतो, आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. नाळेवर राख, हळद, शेण लावू नका, हे आशाताई सांगतात त्याला असंही एक कारण आहे.

गुठळी होऊ नये म्हणून सगळ्यांनाच रक्त पातळ करणारं औषध का देत नाहीत, असा प्रश्न सुशिक्षित पालक विचारतात आणि तो रास्त आहे. मोठ्या माणसांत ऑपरेशननंतर असं इंजेक्शन नेहमीचं झालं आहे. मुलांत अजून खात्रीलायक पुरावा हाती नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अतिदक्षता विभागातल्या मुलांना नळी टाकल्यावर एनॉक्सापॅरिन हे असंच इंजेक्शन देऊन पाहिलं. औषध मिळालेल्या 23 मुलांपैकी 7 जणांना सोनोग्राफीत गुठळी दिसली, आणि औषध न मिळालेल्या 24 पैकी 13 जणांना. फरक दिसतो, पण चाचणी आधीच थांबवावी लागल्याने संख्या फार लहान राहिली आणि निष्कर्ष पक्का होऊ शकला नाही. मला त्यातला दुसरा आकडा जास्त विचार करायला लावतो. मुद्दाम सोनोग्राफी करून पाहिली तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांच्या शिरेत गुठळी होती. म्हणजे सुजलेला पाय दिसण्याची वाट पाहणं म्हणजे बऱ्याच उशिरा जागं होणं.

औषध सरसकट देता येत नसेल, तर उरतो तो उपाय सगळ्यांत स्वस्त आहे. 2006 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी नळीच्या संसर्गावर पाच साध्या सवयी लागू केल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक चादरी वापरणं, क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसणं, शक्यतो जांघ टाळणं आणि गरज संपलेली नळी काढून टाकणं. संसर्गाचं मध्यक प्रमाण तीन महिन्यांत शून्यावर आलं. हे काम मुख्यतः मोठ्यांच्या विभागांत झालं आणि संसर्गासाठी झालं, पण शेवटच्या दोन सवयी गुठळीलाही तितक्याच लागू पडतात. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी ‘ही लाईन आज कशासाठी ठेवलीय?’ असं मोठ्याने विचारावं आणि सिस्टरने उत्तर द्यावं, एवढीच ती सवय. उत्तर ‘राहू द्या, पुन्हा शीर मिळणार नाही’ असं आलं, तर नळी काढायची वेळ बहुधा झालेली असते. सिस्टरची ती भीती खरी असते, हे मी नाकारत नाही. मूल तोंडाने पाणी पिऊ लागलं की ती कमी होत जाते.

आदिलाबादहून मूल पुढे पाठवायचं झालं तर हैदराबाद सुमारे 300 किलोमीटर, नागपूर 200 च्या आसपास. बेला, जैनथ, तामसीकडची मराठी घरं बहुतेक नागपूर किंवा यवतमाळचा रस्ता धरतात, कारण भाषा आणि नातेवाईक दोन्ही तिकडे. या प्रवासात नळी मुलाबरोबर जाते, पण ती कुणी, कधी, कितव्या प्रयत्नाला, किती फ्रेंचची टाकली ही माहिती मागेच राहून जाऊ शकते. नव्या ठिकाणी पहिला दिवस तिथून मोजला जातो आणि आधीचे तीन दिवस हिशेबातून गळतात. ड्रेसिंगवर मार्करने लिहिलेली तारीख, आणि रेफर चिठ्ठीवर बाजू, माप आणि प्रयत्नांची संख्या, यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

पलंगाशेजारी चोवीस तास बसलेल्या आईला गुठळी डॉक्टरच्या आधी दिसू शकते. आपल्या मुलखात बाळाच्या मनगटाला, घोट्याला काळा दोरा किंवा वाळा असतो. ज्या बाजूला नळी आहे त्या हाता-पायाचा दोरा काल सैल होता आणि आज रुतायला लागला, तर तो सोडून टाकून नुसतं बसू नये, लगेच सिस्टरला दाखवावा. दुसरी बाजू तशीच सैल असेल तर संशय अधिकच. टेपने दोन्ही मांड्यांचा किंवा दंडांचा घेर एकाच उंचीवर मोजून लिहिता येतो. हातपाय निळसर किंवा जड वाटणं, मुलाने त्या हाता-पायाला हात लावू न देणं, मान-चेहरा फुगणं, छातीवर नव्याने निळ्या शिरांचं जाळं उठून दिसणं, कारण न सापडणारा ताप, लाईन वारंवार अडकणं, या सगळ्या सांगण्यासारख्या गोष्टी आहेत. अचानक धाप लागली तर गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला असण्याची शक्यता डॉक्टरांच्या डोक्यात यायला हवी. खात्री डॉप्लर सोनोग्राफीने होते. छातीतल्या खोल शिरांसाठी मात्र कधी कधी सीटी किंवा एमआरआय लागतो.

गुठळी सापडली की नळी तातडीने उपसून काढायची, हा अनेकांचा समज चुकीचा आहे. नळी चालू असेल आणि मुलाला तिची खरी गरज असेल तर औषध चालू करून ती ठेवता येते. गरज नसेल तर रक्त पातळ करणारं औषध काही दिवस देऊन मग काढणं, असं अमेरिकेच्या रक्तविकार तज्ज्ञांच्या 2018 च्या मार्गदर्शनात सुचवलं आहे, कारण ताज्या गुठळीतून नळी ओढताना तुकडा सुटू शकतो. पूर्वी घरी गेल्यावर महिनोन्महिने दिवसातून दोनदा एनॉक्सापॅरिनची सुई घ्यावी लागे, आणि गुडीहतनूरच्या पलीकडच्या गूड्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, आईला ती कोण शिकवणार हा मोठाच प्रश्न असे. 2020 पासून मुलांसाठी वजनाप्रमाणे तोंडाने द्यायच्या रिवारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा चाचणीतला पुरावा हाती आला आहे. आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की नळीसारख्या स्पष्ट कारणाने झालेल्या गुठळीत, सहा आठवड्यांनंतर शीर पूर्ण बंद राहिलेली नसेल, तर तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांचं औषध पुरतं. मजुरी बुडवून आदिलाबादला फेऱ्या मारणाऱ्या कुटुंबाला या सहा आठवड्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

शीर पूर्ण मोकळी झाली नाही तर पुढे वर्षानुवर्षं त्या पायाला सूज, जडपणा, उभं राहिलं की दुखणं राहू शकतं. सिकलसेल किंवा किडनीच्या मुलाला तर दहा वर्षांनी पुन्हा तीच शीर लागणार असते. 2020 च्या त्या अभ्यासात सर्वांत मोठा धोका ज्या मुलांना आधी एकदा गुठळी झाली होती त्यांना आढळला, इतरांच्या तेवीस पट. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीआधी ठळक अक्षरांत असावं: कुठल्या शिरेत, कुठल्या बाजूला, कुठल्या तारखेला गुठळी सापडली, औषध कधी संपलं आणि शेवटच्या डॉप्लरमध्ये शीर उघडी होती की बंद. त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि सिकलसेलचं कार्ड ज्या पिशवीत असतं त्याच पिशवीत ते ठेवावं, म्हणजे पुढची भरती रिम्सला होवो की नागपूरला, सुई उघडण्याआधी ते डॉक्टरांच्या हातात पडेल.